पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली?

कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना हमखास ऐकू येतं, "पांढऱ्या पेशी चौदा हजार, म्हणजे प्रतिकारशक्ती भक्कम!" हा समज चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. प्रौढांत रक्ताच्या एका मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० ठीक. त्यापुढे बहुधा जंतुसंसर्ग, क्वचित रक्ताचा कर्करोगही, डॉक्टरांना दाखवाच.

या पेशी घडतात त्या ग्राहींच्या, म्हणजे पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनांच्या (रिसेप्टरच्या) इशाऱ्यावर. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, कोवळ्या पेशींवरच्या ग्राहीला जी-सीएसएफ हे प्रथिन चिकटलं की न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात. केमोथेरपीनंतर काही रुग्णांना याचंच इंजेक्शन देतात.

टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार. त्यांची तालीम छातीतल्या थायमस ग्रंथीत होते, आपल्या गंगावेशीतल्या कुस्तीच्या तालमीपेक्षाही कडक. ज्यांचा ग्राही कामाचा नाही किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटतो, त्या बाद. ९० टक्क्यांहून अधिक पेशी तिथेच मरतात.