जुने लाकडी नंदी : संग्रह व जतन (नागपूर)

तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात तो चाकांचा लाकडी बैल म्हणजे नंदी. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा अशी विदर्भातील रीत आहे. ती नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांच्यापासून चालत आल्याचे नागपुरात परंपरेने सांगतात. त्या दिवशी सजवलेले नंदी घेऊन मुले घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घेऊन येतात. साधारण १९४० ते १९७० या काळातले नंदी संग्राहकांना विशेष हवे असतात. ते अजून घरांतून मिळतात आणि त्यांच्यावर वापराच्या दोन-तीन पिढ्या दिसतात.

घडण : अंग बहुधा सागवानाचे किंवा शिवणीचे. धड, वशिंड आणि मान एकाच ओंडक्यातून काढतात. शिंगे व कान पुष्कळदा वेगळे करून भोकात ठोकून बसवलेले असतात. खाली पाट, पाटाला लोखंडी आस, चार चाके आणि पुढे दोरीसाठी कडी. मुठीएवढ्या नंदीपासून मुलाला एकट्याने न ओढवणाऱ्या नंदीपर्यंत सर्व मापे आढळतात. मोठ्या नंद्यांसाठी वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) प्रसिद्ध आहे.

पारख : नंदी आधी उलटा करून पाहावा. पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला रंगारी फारसे लक्ष देत नाही, त्यामुळे सुताराच्या वासल्याचे व पटाशीचे घाव तिथे उघडे राहतात. आस पाटाला पक्की असेल तर ती खालच्या बाजूने झिजते, कारण सगळा भार तिथेच येतो. कडीचे भोक ओढीच्या दिशेने लांबट होते. कानांची टोके, शिंगांची टोके आणि मुले धरतात ते वशिंड गुळगुळीत होते. पोटही वशिंडाइतकेच घासलेले दिसले तर ती झीज सँडपेपरची समजावी. चहाच्या पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटने आणलेला जुनाट रंग खाचांत आणि उंचवट्यांवर सारखाच बसलेला असतो. खऱ्या जुनेपणात खाचा काळ्या आणि उंचवटे उजळ दिसतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू किंवा प्लायवूडचा पाट दिसला म्हणून नंदी लगेच नाकारू नये. पाट आणि चाके अनेकदा नंतर बदललेली असतात.

रंग जिथे उडाला आहे तिथली कड दहापट भिंगातून पाहावी. बहुतेक घरी पोळ्याआधी नंदीला नवा हात देतात, त्यामुळे चकचकीत ऑइलपेंटचे थर एकावर एक दिसतात आणि कधी सर्वांत खाली खडूसारखा अस्तर. हे थर खरवडून ‘मूळ लाकूड’ दाखवणे हा या छंदातला सर्वांत मोठा घात आहे. पॉलिश मारलेला नागडा नंदी दिवाणखान्यात शोभतो, पण त्याचा इतिहास भुशात गेलेला असतो. शिवाय जुन्या ऑइलपेंटमध्ये आणि शेंदरात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये आणि असा नंदी लहान मुलाच्या हाती देऊ नये.

जतन : नागपूरची हवा लाकडाला सोसत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात आणि हवा कोरडी, तर जुलैत दमट. गाभ्यासकट कोरलेल्या ओंडक्याला उन्हाळ्यात छातीपासून पोटापर्यंत भेग पडते आणि पावसाळ्यात ती मिटत येते. या भेगेत पुट्टी भरू नये. लाकूड फुगले की पुट्टी अडते आणि शेजारचा रंग उचलला जातो. कूलरच्या झोतात तर नंदी मुळीच ठेवू नये. दिवसभर ओल आणि कूलर बंद होताच कोरड, या फेऱ्यात ठोकलेले कान सैल होऊन गळतात.

धूळ मऊ ब्रशने झाडावी. चिकट मळ निघत नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला केलेला कापूस आधी पोटाखाली वापरून पाहावा. रंग कापसाला लागला तर थांबावे. हळद-कुंकवाचे डाग काढू नयेत. जवसाचे तेल चोळण्याची जुनी सवय आहे, पण ते चिकट राहते, धूळ धरते आणि रंग काळवंडतो. बेगड व कागदी झूल खळीने चिकटवलेली असेल तर कसर लागते. अशा वस्तू बंद काचेत ठेवाव्यात.

पायाशी पांढुरके ताजे पीठ पडत असेल तर लाकूड पोखरणारी कीड जिवंत आहे. रंग घट्ट असल्यास नंदी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करावा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नये, नाहीतर थंड लाकडावर दव धरते. रंगाचे पोपडे सुटत असतील तर हा उपाय टाळावा.

खरेदी : नागपुरातल्या महाल-इतवारी भागांतले जुने वाडे पाडताना माळ्यावरून नंदी निघतात, भंगारातही येतात. मूर्तिकारांच्या चितार ओळीत पोळ्याच्या सुमारास बहुतेक नवा माल असतो. देवघरात पूजेला असलेला नंदी मागू नये. घर, मोहल्ला, घडवणारा आणि साल यांपैकी जे कळेल ते विक्रेत्यासमोरच लिहून घ्यावे आणि चिठ्ठी सुती दोऱ्याने पायाला बांधावी. स्टिकर सुटताना रंग घेऊन जातो. ‘भोसलेकालीन’ हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. तो खरा असेल तर मात्र १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, १९५५ चा नंदी पाठवता येतो.