दुसऱ्या राज्यातलं चलान आणि फौजी गाडीमालक

साताऱ्यात गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करताना आमच्याकडे फौजी घरं भरपूर येतात. गाडी एमएच ११ ची, मालक पठाणकोटला किंवा जोधपूरला, आणि चलान आलेलं असतं तिसऱ्याच राज्याचं. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यासाठी रजा टाकून यावं लागंल का?" बहुतेक वेळा लागत नाही. मात्र चलान पडून राहिलं तर गाडी विकताना, नावावर करताना किंवा एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) काढताना ते आडवं येतं. तेव्हा वेळेत बघितलेलं बरं.

आधी फोटो, मग पैसे

मेसेज आला की घाबरून लगेच पैसे भरू नका. कॅमेऱ्याच्या चलानाला फोटो असतो. तारीख, वेळ आणि ठिकाणही असतं. फोटो मोठा करून नीट बघा. गाडी तुमचीच आहे का? तुमची बुलेट असताना फोटोत स्कूटर दिसते, असं होतं. कधी फॅन्सी नंबरप्लेटमुळे कॅमेरा ३ ला ८ वाचतो, तर कधी कुणीतरी तुमचाच नंबर लावून गाडी फिरवत असतो. अशा वेळी त्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार टाकायची. सोबत स्वतःच्या गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि आरसी जोडायची. त्या दिवशी गाडी युनिटच्या पार्किंगमध्ये होती असा लेखी कागद मिळाला तर काम सोपं होतं. नंबर चोरून वापरल्याचा संशय असेल तर पोलिसांकडे वेगळी तक्रारही द्या, कारण तीच गाडी उद्या अपघातातही सापडू शकते.

पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला, असाच त्याचा अर्थ धरला जातो. नंतर "गाडी माझी नव्हती" म्हणायला जागा उरत नाही.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर ती उघडू नका. सरकारी चलान फाइल म्हणून येत नाही. ज्या साइटवर पैसे भरता तिच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघूनच पुढे जा.

फौजीला सूट असते का?

खासगी गाडीला नसते. सैनिकांसाठी १९२५ चा एक कायदा आहे, त्यात खटला पुढे ढकलण्याची सोय आहे. आमच्याकडे बरेच जण त्याचं नाव घेतात. पण तो कायदा दिवाणी आणि महसुली दाव्यांसाठी, तोही विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्यांसाठी आहे. जमिनीच्या वादात त्याचा उपयोग होतो, हेल्मेटच्या दंडात नाही.

खरी कामाची तरतूद वेगळीच आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. लष्कर कायदा १९५०, कलम ३२. कोर्टाच्या कामासाठी तुम्हाला रजा मिळाली आहे, असं योग्य लष्करी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र कोर्टात दिलं, तर होता होईल तो तुमच्या रजेच्या मुदतीतच सुनावणी आणि निकाल लागेल अशी व्यवस्था कोर्टाने करायची असते. म्हणून प्रकरण कोर्टात गेलंच, तर युनिटमधून निघण्याआधीच ते प्रमाणपत्र मागून घ्या. घरी आल्यावर ते मागवत बसलात तर अर्धी रजा त्यातच जाते.

चलान कोर्टात गेलं तर

बऱ्याच राज्यांत न भरलेलं चलान व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाकडे जातं. तिथे गाडीच्या किंवा चलानाच्या नंबरवरून प्रकरण सापडतं. दंड मान्य असेल तर पोस्टिंगच्या ठिकाणावरूनही मोबाइलवर भरता येतो. मान्य नसेल तर 'लढवायचं आहे' हा पर्याय निवडायचा, मग ते त्या भागातल्या नेहमीच्या कोर्टात जातं. तिथे वकिलामार्फत हजर राहता येतं. किरकोळ गुन्ह्यांत समन्सवरच गुन्हा कबुलीचं पत्र आणि रक्कम पाठवण्याची मुभा दिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्येच ती सोय आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण मात्र यात धरू नका. त्याला वकील हवाच.

लोकअदालतीबद्दल रोज विचारणा होते. दिल्लीचं चलान साताऱ्याच्या लोकअदालतीत मिटत नाही. ज्या राज्याचं चलान, तिथलीच लोकअदालत.

दंडाच्या रकमा १ सप्टेंबर २०१९ पासून वाढल्या. विनाहेल्मेट १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र, विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये. कोर्टात न जाता भरून मोकळं व्हायची, म्हणजे तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. म्हणून एकाच चुकीला दोन राज्यांत दोन आकडे दिसले तर ती फसवणूकच आहे असं समजू नका.

गाडी गावाकडे, मालक सीमेवर

आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच येतं. गाडी दादांच्या नावावर, ते लेहला, आणि धाकटा भाऊ कोरेगावच्या बाजारात हेल्मेटशिवाय. कॅमेऱ्याला चालवणारा कोण ते कळत नाही, चलान आरसीवरच्या नावाने निघतं. कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगण्याची जबाबदारीही मालकाचीच. वहिनी, भावजींना सांगून बघा. आमचं ते ऐकत नाहीत.

गाडी विकून 'ट्रान्सफर नंतर करू' म्हणणाऱ्यांचीही हीच गत होते. नवा मालक सिग्नल तोडतो आणि चलान तुमच्या नावावर येतं.

मेसेज मिळालाच नाही, असंही बरेच जण सांगतात. आरसीला जोडलेला नंबर शोरूमवाल्याने टाकलेला असतो, नाहीतर कधीच बंद पडलेलं सिम असतं. परिवहन पोर्टलवर तो नंबर बदलता येतो. जिथे रेंज नाही तिथे पोस्टिंग असेल तर घरातल्या अशा माणसाचा नंबर द्या, जो मेसेज वाचतो.

गाडी सोबत नेणार असाल

दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. दर बदलीला एनओसी, रोड टॅक्स आणि परताव्याचे हेलपाटे नको असतील तर बीएच (भारत सिरीज) नंबर घ्या, तो सगळ्या राज्यांत चालतो. सप्टेंबर २०२१ पासून तो सुरू आहे आणि संरक्षण दलातल्यांना मिळतो. जुन्या गाडीलाही आता तो घेता येतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. तारीख चुकली तर दिवसाला १०० रुपये जादा पडतात, तेव्हा ती तारीख घरात कुणाच्या तरी मोबाइलला लावून ठेवा. तीन वर्षांत बदली होणाऱ्या माणसाला आमच्या मते हाच मार्ग बरा. निवृत्तीला वर्षच उरलं असेल तर उगाच खटाटोप करू नका.

आमच्याकडे काय पाठवायचं

चलान नंबर, गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे आकडे, एवढं व्हॉट्सॲपवर पुरतं. चलान बघून काय करता येईल हे सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. तक्रार किंवा बीएचचं काम करायचं ठरलं तर खर्च आधी सांगतो. आर्मी आयकार्डाचा फोटो, युनिटचं नाव किंवा पोस्टचं ठिकाण पाठवू नका. बीएचच्या अर्जाला ओळखपत्र लागतं, ते रजेवर आलात की कार्यालयात दाखवा. ओटीपी आम्हालाही लिहून पाठवू नका, तो तुम्ही स्वतःच पोर्टलवर टाका.