व्हर्च्युअल मशीनमधला ऑप्टिकल ड्राइव्ह
व्हर्च्युअल मशीनला (म्हणजे व्हीएमला, खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या नकली कॉम्प्युटरला) जोडलेला सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह. बहुतेक वेळा हा खरा नसतोच. आतल्या ओएसला (विंडोज, लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमला) वाटतं की ट्रे आहे, डिस्क आहे, पण बाहेर होस्टवर (म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर) नुसती एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, पडलेली असते आणि आतून मागितलेला २०४८ बाइटचा एकेक सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, त्या फाइलीतून उचलून देत असतो. नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह कधीच गेला, व्हीएममध्ये मात्र अजून ठाण मांडून बसलाय, कारण ओएस इन्स्टॉल करायचा तोच सगळ्यात सोपा रस्ता आहे.

सेटिंगमध्ये गोंधळ होतो तो ड्राइव्ह आणि डिस्क एकच समजल्यामुळे. ड्राइव्ह हे हार्डवेअर, ते कंट्रोलरला (ड्राइव्ह जिथे जोडतात त्या भागाला) जोडायचं. आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर दोन चॅनल आणि प्रत्येकावर दोन अशी चारच डिव्हाइस बसतात, आणि ड्राइव्ह लावायचा-काढायचा तर मशीन बंद करावं लागतं. डिस्क मात्र चालू मशीनमध्ये कितीही वेळा बदला. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्टोरेज पानावर ड्राइव्हपुढे ‘एम्प्टी’ दिसलं की बरेच जण तो ड्राइव्हच उडवून टाकतात आणि मग गेस्ट ॲडिशन्सची (आतल्या ओएसमध्ये टाकायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या पूरक ड्रायव्हरांची) सीडी घालायला गेलं की ती घालायला जागाच नसते. रिकामा ड्राइव्ह राहू द्यावा, त्याचं काही ओझं होत नाही.

व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ निवडली तरी ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्ट ॲट पॉवर ऑन’ हे दोन टिक वेगळे असतात, ते राहिले तर फाइल निवडूनही आत काही दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हीएमचे दोन प्रकार आहेत: जनरेशन १ मध्ये ड्राइव्ह आयडीईवर असतो, जनरेशन २ मध्ये स्कझी या दुसऱ्या कंट्रोलरवर, आणि जनरेशन २ मध्ये फक्त आयएसओ चालते, होस्टचा खरा ड्राइव्ह जोडता येत नाही.

बूट करताना विंडोजची सीडी ‘कुठलीही की दाबा’ म्हणते आणि जेमतेम काही सेकंद थांबते. तेवढ्यात माउस व्हीएमच्या विंडोत नसेल तर दाबलेली की होस्टलाच जाते, आणि मशीन रिकाम्या हार्ड डिस्ककडे वळून ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणत बसतं. म्हणून आधी विंडोत क्लिक, मग की. इन्स्टॉल झाल्यावर डिस्क काढायला विसरलात आणि बूट ऑर्डरमध्ये (मशीन कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) सीडी वर असेल तर लिनक्सचा इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यापासून हजर.

केव्हीएमवर (लिनक्समधल्या हायपरवायझरवर) विंडोज टाकताना दोन ड्राइव्ह लावायची पद्धत आहे, एकात विंडोज आणि दुसऱ्यात व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेली व्हर्च्युअल हार्डवेअरची पद्धत) ड्रायव्हरची आयएसओ. हार्ड डिस्क व्हर्टआयओवर असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही, डिस्कची यादी कोरी येते, मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दुसऱ्या सीडीतला ड्रायव्हर दाखवला की डिस्क प्रकट होते. पहिल्यांदा करणारा इथे हमखास घाबरतो.

लिनक्सने सीडी माउंट केलेली (वापरायला जोडून घेतलेली) असेल तर तो ट्रे लॉक करतो, बाहेरून डिस्क काढायला गेलं की व्हर्च्युअलबॉक्स ‘फोर्स’ करू का विचारतो. शक्यतो आतून अनमाउंट करून मगच काढावी.

खऱ्या ड्राइव्हमध्ये आतून सीडी बर्न करायची किंवा ऑडिओ सीडी वाजवायची असेल तर नुसता होस्ट ड्राइव्ह निवडून भागत नाही, व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी ‘पासथ्रू’ (आतल्या कमांड थेट खऱ्या ड्राइव्हला पोचवणारं सेटिंग) चालू करावं लागतं.