शिक्षा किती, हे ज्युरीने ठरवायचे तेव्हा: व्हर्जिनियाची पार्श्वभूमी

नानावटी खटल्यामुळे ज्युरी आपल्याला माहीत आहे. मात्र भारतातली ज्युरी दोषी की निर्दोष एवढेच सांगत असे. शिक्षा न्यायाधीश ठोठावत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १७९६ सालीच शिक्षेचा अधिकारही ज्युरीला दिला. त्याच कायद्याने फाशी मुख्यतः पूर्वनियोजित खुनापुरती ठेवली आणि इतर गंभीर गुन्ह्यांना तुरुंगवास आणला. मग वर्षे किती, हे ठरवणे आले, आणि ते काम नागरिकांकडे गेले. हे संरक्षण मुक्त माणसांनाच होते. गुलामांचे खटले ज्युरीविना चालत.

१९९४ पर्यंत ज्युरी दोष आणि शिक्षा एकाच बैठकीत ठरवत असे. त्या वर्षी दोन टप्पे झाले: आधी दोषनिर्णय, मग आरोपीची पूर्वीची गुन्हेगारी नोंद पाहून शिक्षा. पण १९९५ पासूनच्या गंभीर गुन्ह्यांना पॅरोल, म्हणजे शिक्षा पूर्ण होण्याआधीची सशर्त सुटका, बंद झाला आणि ज्युरीला ते सांगितलेच जात नसे. थोडी वर्षे भोगून माणूस सुटेल, अशा समजुतीने ज्युरी मोठा आकडा लिहू शकत होती. हा मला साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फिशबॅक खटल्यात २००० साली ही माहिती देणे बंधनकारक केले. त्याआधी शिक्षा झालेल्यांना पॅरोल मागण्याची वाट मात्र २०२० मध्येच खुली झाली.

दुसरा पेच रोजचा होता. न्यायाधीशांपुढे शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे असत, ज्युरीपुढे नसत. लूटमारीला कायद्यातली किमान शिक्षा तेव्हा पाच वर्षे होती. ज्युरीला त्याखाली जाता येत नसे. न्यायाधीश ती कमी करू शकत, पण क्वचितच करत. शिवाय ज्युरी नको म्हणायला सरकारी वकिलाचीही संमती लागे. त्यामुळे निर्दोषत्वाचा दावा असलेला माणूसही खटला लढवण्याऐवजी तडजोडीत गुन्हा कबूल करण्याकडे ढकलला जाई. नागरिकांच्या हाती दिलेला अधिकार असा आरोपीवरच दबाव बनला.

गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या काळात, २०२० च्या विशेष अधिवेशनात हे बदलले. १ जुलै २०२१ पासून तिथे शिक्षा न्यायाधीश ठरवतात. आरोपीने खटल्याआधी लेखी मागणी केली तरच ज्युरी. टेक्सासमध्ये ही निवड पूर्वीपासूनच आरोपीकडे आहे. केंटकी आणि मिसुरीत आजही गंभीर गुन्ह्यांत ज्युरी शिक्षेची वर्षे सांगते.