चाळिशीतला क्वार्टरबॅक आणि ०.१८ सेकंद

अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपत आला की तिकडे एक वाद हमखास पेटतो: अमुक संघाने आपला वय झालेला क्वार्टरबॅक ठेवावा की सोडावा? आणि दर वेळी कोणीतरी टॉम ब्रेडीचं नाव पुढे करतं. ब्रेडी ४३व्या वर्षी सुपर बोल, म्हणजे तिथल्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, जिंकला, मग आमचा ३८ वर्षांचा खेळाडू का नाही जिंकणार? वर्षानुवर्षं तिकडे राहून या खेळाची गोडी लागलेले मराठी लोकही हाच दाखला देतात. तो पटण्यासारखा वाटतो, पण चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे कळायला शाळेतलं प्रक्षेप्य गतीचं गणित आणि खांद्याची थोडी माहिती पुरते.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा पूर्ण वेगळा. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे बचावपटू त्याच्या अंगावर धावून येतात आणि साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याला पळणाऱ्या सहकाऱ्याकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, चेंडू फेकायचा असतो. चेंडू ३९७ ते ४२५ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूच्या जवळजवळ अडीचपट जड.

आधी ब्रेडीच्या दाखल्याचा निकाल लावू. चाळिशीतल्या क्वार्टरबॅकांची सरासरी कामगिरी काढली तर ती छानच दिसते, कारण ज्यांची कामगिरी घसरली ते त्या वयात मैदानावर उरलेलेच नसतात. उरलेल्यांची सरासरी काढून वयाचा परिणाम मोजता येत नाही. तो मोजायचा तर त्याच खेळाडूच्या लागोपाठच्या दोन वर्षांतला फरक पाहावा लागतो. त्यातही वाईट वर्षानंतर ज्यांना पुढचं वर्ष मिळालंच नाही, ते हिशेबातून निसटतात.

आता फेकीकडे. वय झालेल्या हाताची खरी परीक्षा घेणारी एक फेक आहे. मैदानावर लांबीच्या दिशेने आखलेल्या खुणांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅश मार्क म्हणतात. दोन रांगांमध्ये ५.६ मीटर अंतर, आणि प्रत्येक रांगेपासून तिच्या बाजूची कडेची रेघ २१.६ मीटरवर. चाल डाव्या हॅशवरून सुरू झाली आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन सात यार्ड मागे सरकला आहे. रिसीव्हर १५ यार्ड सरळ पळून उजव्या कडेच्या रेघेकडे झपकन वळतो. कागदावर ही चाल १५ यार्डांची, म्हणजे १३.७ मीटरची. चेंडू प्रत्यक्षात तिरका जातो, आणि रिसीव्हरने तो रेघेच्या अडीचेक मीटर आत झेलला असं धरलं तर पायथागोरसच्या नियमाने अंतर येतं सुमारे ३२ मीटर.

तरुण, ताकदवान हात हा चेंडू ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने सोडतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ३२ मीटर गाठायला १५ अंशांचा कोन पुरतो आणि चेंडू १.३३ सेकंदांत पोचतो. आता वेग फक्त १० टक्क्यांनी कमी करा. ताशी ८१ किलोमीटर, सेकंदाला २२.५ मीटर. तेच अंतर गाठायला कोन १९ अंशांवर न्यावा लागतो. चेंडूचा सर्वोच्च बिंदू साठेक सेंटिमीटरने वर सरकतो आणि वेळ होतो १.५१ सेकंद. नुसत्या वेगातला फरक धरला तर जादा वेळ ०.१५ सेकंदांच्या आत राहिला असता. पण वेग उतरला की कोन वाढतो आणि कोन वाढला की क्षितिजसमांतर वेग आणखी उतरतो, म्हणून फरक साडेतेरा टक्क्यांवर जातो: ०.१८ सेकंद.

मागून झेपावणारा बचावपटू सेकंदाला आठ मीटर पळत असेल, तर ०.१८ सेकंदात तो १.४ मीटर कापतो. या पातळीवर रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात अनेकदा तेवढंच अंतर असतं. जी फेक काल झेलली जात होती, ती आज त्याच नेमक्या जागी पडूनही हिसकावली जाते. नेम तोच, अंदाज तोच, वेग फक्त दहा टक्के कमी.

हे दहा टक्के जातात कुठे? पुष्कळांना वाटतं दंडाच्या ताकदीतून. दंडाचा वाटा यात लहान आहे. फेक पायापासून सुरू होते. पुढचा पाय जमिनीवर रोवला जातो, गुडघा ताठ राहून शरीराची पुढची गती अडवतो, त्या अडवण्यातून कंबर फिरते, कंबरेमागून धड, धडामागून खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. आसुडाच्या मुठीपासून टोकाकडे गती वाढत जावी तशी ती प्रत्येक सांध्याला वाढते. मात्र एक अट असते: कंबर फिरू लागली तरी धडाने क्षणभर मागे राहायला हवं. त्या मागे राहण्यात पोटाचे आणि छातीचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आकसतो. याच वेळी दंड मागच्या बाजूला १६० अंशांच्या पुढे पिळला जातो आणि मग सेकंदाला सुमारे ५,००० अंशांच्या गतीने पुढे फिरतो. चेंडू सुटल्यावर त्या हाताला सेकंदाच्या काही शतांशांत थांबवायचं काम खांद्यामागच्या दोन छोट्या स्नायूंकडे येतं, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर. लांबता लांबता ताण धरून ठेवणं हे स्नायूसाठी सर्वांत झिजवणारं काम. खांद्याला धरून ठेवणाऱ्या ज्या चार स्नायूंना मिळून रोटेटर कफ म्हणतात, त्यांतले हे दोन. मोसमात १७ सामने, सामन्याला तीस-पस्तीस फेकी, शिवाय सरावातल्या त्याहून कितीतरी जास्त. पंधरा मोसम हे चालतं.

स्नायू निदान दुरुस्त होतात. कंडरांचं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांचं तसं नाही. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण एकदम वाढलं आणि मग दरवर्षी उतरत गेलं. त्यामुळे शरीरातला एखादा पदार्थ कोणत्या वर्षी तयार झाला हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डॅनिश संशोधकांनी २०१३ साली या पद्धतीने टाचेमागची अकिलीस कंडरा तपासली. तिच्या गाभ्यातलं कोलॅजन आयुष्याच्या पहिल्या सतराएक वर्षांत तयार होतं आणि त्यानंतर जवळजवळ बदललंच जात नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे चाळिशीतला खेळाडू ज्या कंडरेवर जोर देऊन मागे सरकतो, तिचा गाभा त्याच्या शाळकरी वयातला असतो. कोलॅजनच्या धाग्यांमध्ये साखरेच्या रेणूंमुळे जादा दुवे तयार होत जातात आणि त्यातली लवचिकता बदलते. स्नायूंमधले जलद आकुंचन पावणारे तंतूही वयानुसार बारीक होत जातात. ११ सप्टेंबर २०२३ला ३९ वर्षांच्या क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची अकिलीस कंडरा न्यूयॉर्क जेट्सकडून खेळताना चौथ्याच चालीत तुटली. त्याला शाप म्हणणारे निघालेच. या कंडरेचं तुटणं सामान्य माणसांतही याच वयाच्या आसपास जास्त आढळतं.

शापांचा विषय निघाला आहे तर एका लोकप्रिय व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर ज्याचा फोटो येतो तो पुढच्या मोसमात जायबंदी होतो, हा समज तिकडे घट्ट आहे. फोटो येतो तो अपवादात्मक चांगल्या मोसमानंतर आणि अपवादात्मक मोसमानंतरचा मोसम बहुधा सरासरीच्या जवळ येतो, एवढंच त्यात आहे. २०१७ साली त्या वेष्टनावर चाळिशीचा ब्रेडी होता आणि त्याच मोसमात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रेडीच्या दीर्घायुष्याभोवती जो बाजार उभा राहिला, तोही याच टोपलीत टाकावा. भरपूर पाणी प्यायलं की ऊन कमी भाजतं, अवरक्त किरण परतवणाऱ्या पायजम्यात झोपलं की शरीर लवकर सावरतं, स्नायू मऊ आणि लांब ठेवले की दुखापत टळते, असे दावे केले गेले. त्यांच्यामागे भरवशाचा पुरावा नाही. क्वार्टरबॅक जास्त वर्षं टिकू लागले त्याला नियमांचा हातभार अधिक. २००८च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. त्यानंतर २००९मध्ये क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली झेप घेण्यावरचा नियम आवळला गेला आणि २०१८पासून त्याच्यावर सगळं वजन टाकून पडण्यावरही कडक दंड होऊ लागला.

आता कळीची गोष्ट. वेग जर हळूहळू उतरतो, तर कामगिरी हळूहळू का उतरत नाही? ब्रेट फार्व्ह २००९च्या मोसमात चाळिशीचा झाला आणि मिनेसोटाकडून ३३ टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या फेकी), फक्त ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकी) असा त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम मोसमांपैकी एक खेळला. पुढच्याच वर्षी ११ टचडाउन आणि १९ इंटरसेप्शन. पेटन मॅनिंगचे २०१४मध्ये ३९ टचडाउन होते, २०१५मध्ये ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन. १५ नोव्हेंबर २०१५ला त्याने कारकिर्दीत फेकींतून मिळवलेल्या एकूण यार्डांचा विक्रम मोडला आणि त्याच सामन्यात २०पैकी ५ फेकी पूर्ण, ४ इंटरसेप्शन, बाकावर रवानगी.

कारण अनुभव वेगाची भरपाई करत असतो. ०.१८ सेकंद उशिरा पोचणारा चेंडू ०.१८ सेकंद आधी सोडला की प्रश्न मिटतो. मुरलेला क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायच्या आधीच, बचावपटूच्या कंबरेचा रोख पाहून, चेंडू सोडतो. आकड्यांत काहीच दिसत नाही. पण आधी सोडणं म्हणजे कमी माहितीवर सोडणं आणि याला मर्यादा आहे. ती मर्यादा आली की खेळ दुसऱ्या बाजूने फिरतो. हा लांबची फेक मारत नाही हे प्रतिस्पर्ध्यांच्या लक्षात येतं. खोलवर राखण करणारा सेफ्टी पाच-सात मीटर पुढे सरकतो. पुढे एक माणूस वाढला की जवळच्या फेकीही अवघड होतात, चेंडू घेऊन पळणाऱ्यालाही वाट मिळत नाही. हात दोन टक्के उतरतो आणि सगळं मैदान आक्रसतं. उतरण हाताची असते, कोसळणं या परस्परक्रियेचं.

म्हणून टचडाउनच्या आकड्यावरून निर्णय घेणारा संघ उशिरा आलेली बातमी वाचत असतो. आकडे उलट दिशेनेही फसवतात. ब्रेडीचे २०१९मध्ये न्यू इंग्लंडकडून २४च टचडाउन होते. त्याचे रिसीव्हर त्या वर्षी कमकुवत होते, हात शाबूत होता. मार्च २०२०मध्ये तो टॅम्पा बेकडे गेला, ४० टचडाउन फेकले आणि सुपर बोल ३१-९ने जिंकला.

मग पाहायचं काय? खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये आणि २०१७पासून चेंडूतही चिप असते, त्यामुळे वेग आणि अंतर मोजता येतं. हॅशवरून पलीकडच्या रेघेकडची फेक वेगळी काढावी. सप्टेंबरमधला वेग आणि डिसेंबरमधला वेग यांतली तफावत पाहावी, कारण ताज्या खांद्याने सगळेच चांगलं फेकतात. पुढचा पाय नीट रोवता न आलेल्या फेकी वेगळ्या मोजाव्यात. हाताला बाहेर फिरवण्याची ताकद आत फिरवण्याच्या ताकदीच्या निदान दोन-तृतीयांश आहे का ते तपासावं. ती त्याखाली गेली की हात थांबवणारे स्नायू कमी पडत आहेत. आणि नुसता खांदा तपासून थांबू नये. मॅनिंगचा खांदा कधीच मुख्य अडचण नव्हता. आधी मानेतल्या चकतीने मज्जातंतू दाबला गेला आणि दंडामागचा स्नायू दुबळा झाला, २०१४च्या अखेरीस मांडीचा स्नायू दुखावला, २०१५मध्ये तळपायातली प्लांटर फॅसिया ही जाड पट्टी. साखळी प्रत्येक वेळी वेगळ्या कडीत तुटली.

याच्यावर पैशाचं गणित बसतं. प्रत्येक संघाच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा असते. २०२२मध्ये ती २० कोटी ८२ लाख डॉलर होती. करारावर सही करताना दिलेला बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून दाखवता येतो. ५ कोटींचा बोनस म्हणजे वर्षाला १ कोटी. पण दोन वर्षांत खेळाडू सोडला तर उरलेले ३ कोटी एकदम अंगावर येतात. ३६ वर्षांच्या मॅट रायनला २०२२मध्ये दुसरीकडे धाडल्यावर अटलांटाच्या मर्यादेतले ४ कोटी ५ लाख डॉलर, जवळजवळ पाचवा हिस्सा, मैदानावर नसलेल्या माणसापायी अडकले. वय झालेल्या खेळाडूचा करार दरवर्षी थोडा लांबवून आजचा भार उद्यावर ढकलणं हीच इथली सर्वांत महागडी चूक आहे.

डेन्व्हरने २०१२मध्ये मॅनिंगला घेताना ती टाळली. कराराचा आकडा पाच वर्षांना ९ कोटी ६० लाखांचा, पण पहिल्या वर्षानंतर मान तपासणीत उतरली तरच पुढची रक्कम पक्की. करार कोसळण्याची शक्यता मान्य करून लिहिलेला होता. म्हणून माझं मत असं की वय झालेला क्वार्टरबॅक ठेवावा, पण एकेका वर्षाच्या बोलीवर, आणि बाकीचा संघ त्याच वर्षी जिंकण्याजोगा असेल तरच. संघ नव्याने उभा करायचा असेल तर तो कितीही थोर असला तरी सोडावा. इंडियानापोलिसने मॅनिंगला मार्च २०१२मध्ये २ कोटी ८० लाखांचा बोनस देय होण्याच्या आदल्या दिवशी सोडलं. त्याच्याविना आधीचा मोसम २-१४ असा गेला होता आणि तळाच्या संघाला मिळणारी नव्या खेळाडूंची पहिली निवड हाताशी होती. निर्णय योग्यच होता. त्यांनी घेतलेला अँड्र्यू लक २०१९मध्ये दुखापतींना कंटाळून २९व्या वर्षी निवृत्त झाला, याने २०१२चा हिशेब चुकीचा ठरत नाही. तरुण खांद्यालाही हमी नसते.

वारसदार मात्र गरज पडण्याआधी आणावा लागतो. ग्रीन बेने रॉजर्सला २००५मध्ये निवडून फार्व्हच्या मागे तीन वर्षं बसवलं आणि २०२०मध्ये जॉर्डन लव्हला निवडून रॉजर्सच्या मागे तीन वर्षं. लव्हला निवडल्यावर चाहते भडकले होते आणि रॉजर्स पुढची दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्याने ते आणखी भडकले. २०२३मध्ये रॉजर्सला जेट्सकडे पाठवल्यावर ग्रीन बेच्या मर्यादेतले ४ कोटींहून अधिक डॉलर अडकून पडले होते. लव्हने त्या मोसमात ३२ टचडाउन फेकले आणि संघ प्लेऑफमध्ये पोचला.