डोक्यातला कोंडा कोरडा दिसतो, पण असतो का?

काळा शर्ट घातला, खांद्यावर पांढरा भुगा दिसला की आपण लगेच ठरवून टाकतो, डोकं कोरडं पडलंय, तेल चोपडायला पाहिजे. इथेच गडबड होते, कारण बऱ्याचदा प्रकरण कोरडं नसतंच, उलट तेलकट असतं.

मॅलासेझिया नावाची एक बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यात राहते, रोज धुणाऱ्यांच्यासुद्धा, त्यामुळे कोंडा म्हणजे अस्वच्छपणा हे डोक्यातून काढून टाका. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या बयेला स्वतःला लागणारी फॅटी अॅसिड्स बनवता येत नाहीत, मग ती आपल्या त्वचेतून येणारं तेल फोडून खाते आणि मागे ओलेइक अॅसिडसारखा उरलासुरला माल टाकते. काहींच्या त्वचेला तो चालतो, काहींची चिडते. चिडली की नव्या पेशी घाईघाईने वर ढकलल्या जातात. एरवी मेलेल्या पेशी सुट्या सुट्या गळतात म्हणून दिसत नाहीत, इथे त्या एकमेकींना चिकटून गठ्ठ्याने पडतात, तोच कोंडा. आता यावर तेल थापलं तर जेवण कुणाला मिळालं?

हेच जरा जास्त झालं की लालसर त्वचेवर पिवळट, चिकट खपल्या येतात, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही. त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू यावर चांगला चालतो, पण लावला की लगेच धुवायचा नाही, पाचेक मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा.

खरंच कोरडं असेल तर भुगा बारीक आणि सुटा पडतो, लाली फारशी नसते, धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते, हातपायही कोरडेच असतात. गरम पाणी कमी करा, सौम्य शाम्पू वापरा, बास.

सोरायसिस या त्वचेच्या आजाराचा चट्टा मात्र वेगळा, जाडसर, रुपेरी खवल्यांचा, कडा एकदम स्पष्ट, आणि तो केसांची रेघ ओलांडून कपाळावर किंवा कानामागे उतरतो. कोपर, गुडघे बघा, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का तेही बघा. खपल्या नखाने उचकटू नका, जखमेच्या जागी नवे चट्टे उठू शकतात.

लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा असेल आणि तिथले केस मुळाशीच तुटून काळे ठिपके दिसत असतील तर तो नायटा असू शकतो, तो कंगवा-टोपीतून पसरतो. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते म्हणून नुसत्या शाम्पूने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या पोटात घ्यायच्या गोळ्याच लागतात.

हेअर डायनंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, सालं निघणं सुरू झालं तर संशय डायवरच घ्या, भले वर्षानुवर्षं तोच लावत असाल, कारण त्यातल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी मध्येच कधीही सुरू होऊ शकते.

आणि टक्कल असलेल्या, उन्हात वर्षं घालवलेल्या डोक्यावर सँडपेपरसारखा खरखरीत ठिपका आला, जातच नाहीये, तर तो उन्हाने झालेला बिघाड असू शकतो आणि क्वचित त्याचा कॅन्सरही होतो, तेव्हा शाम्पू बदलत न बसता सरळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.