शोभेचा विलो : लागवड आणि निगा

विलो म्हणजे सॅलिक्स प्रजातीतली झाडं, ओढ्याकाठचा वाळुंज हाही त्यांच्यातलाच. बागेत शोभेसाठी लावतात ते साधारण ३-४ प्रकारचे. खाली लोंबणाऱ्या फांद्यांचा वीपिंग विलो सगळ्यांना माहीत असतो, त्याचं शास्त्रीय नाव सॅलिक्स बॅबिलोनिका, पण बॅबिलोनशी त्याचा काही संबंध नाही, झाड मूळचं चीनचं आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली बायबलमधल्या बॅबिलोनच्या नदीकाठची झाडं डोळ्यापुढे ठेवून ते नाव देऊन टाकलं. छोट्या बागेत मात्र हा लावूच नये, फार पसरतो. तिथे जपानी हाकुरो निशिकी किंवा किल्मार्नॉक हे छोटे विलो बरे.

हाकुरोची नवी पालवी गुलाबी येते, मग पांढरट होते आणि पान जून झालं की हिरवं, त्यामुळे एकाच फांदीवर तिन्ही रंग दिसतात. किल्मार्नॉकला पानं यायच्या आधी चंदेरी लवेचे फुलोरे येतात, बोट फिरवलं तर मांजराच्या पंजासारखे लागतात, नंतर त्यातून पिवळे पुंकेसर बाहेर येतात आणि मधमाश्या जमतात.

जागा निवडताना घाई नको. विलोची मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात, ड्रेनेजच्या पाइपला बारीकशी चीर असली तरी आत शिरतात, म्हणून मोठ्या जातीचं झाड घर आणि पाइपलाइनपासून निदान १० मीटर तरी लांब हवं. ऊन भरपूर हवं, उन्हाशिवाय रंग खुलत नाही, फक्त हाकुरोची पांढरी पानं दुपारच्या कडक उन्हात करपतात तेव्हा त्याला सकाळचं ऊन पुरे. माती कसलीही चालते पण कोरडी पडता कामा नये. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्यायचा, खोली गोळ्याएवढीच, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, ते खोडाला टेकवायचं नाही. पहिली २ वर्षं पाण्यात हयगय चालत नाही. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी.

छाटणीला लोक उगाच घाबरतात. हाकुरो हिवाळा संपता संपता, पालवी फुटायच्या आधी, बिनधास्त आखूड करावा, कारण रंग येतो तो नव्या फुटीलाच, छाटलं नाही तर २-३ वर्षांत नुसतं हिरवट झुडूप उरतं. किल्मार्नॉकचे फुलोरे गळल्यावर छाटायचं, आधी छाटलं तर फुलोरेच गेले. दोन्ही बहुतेक वेळा उंच खुंटावर (म्हणजे दुसऱ्या विलोच्या मुळांसकट खोडावर) कलम करून विकतात, तेव्हा कलमाच्या जोडाखाली फुटवा दिसला की लगेच काढायचा, ठेवला तर खुंटच जोर धरतो आणि वरचं कलम मागे पडतं. आणि हो, कलमाचं खोड पुढे उंच होत नाही, घेताना जेवढं आहे तेवढंच, वाढतो तो वरचा डोलारा.

मावा, पानं खाणारे भुंगेरे आणि तांबेरा येतो, पण झाड सहसा तग धरतं. रोगट पानं वेचून टाकली, आत हवा खेळती ठेवली की बहुतेक भागतं.

रोपं करायला याच्याइतकं सोपं झाड क्वचितच. पानगळीत पेन्सिलीएवढी जाड, २०-३० सेंटीमीटरची काडी कापून अर्ध्याहून जास्त ओल्या मातीत खोचायची, डोळे (पालवीच्या कळ्या) वरच्या दिशेला. पाण्याच्या ग्लासात ठेवली तरी काही दिवसांत सालीवर पांढरे फोड येतात आणि त्यातून मुळं फुटतात. मात्र हाकुरोच्या काडीपासून कलमासारखं उंच खोडाचं, छत्रीसारखं झाड होत नाही, जमिनीपासूनच फुटणारं झुडूप होतं.